माझ्या कुशीवर लागलेली पैज

नागीण उठली तेव्हा मी रावेतच्या अकराव्या मजल्यावर, बाल्कनीत, लुंगीवर उघडा बसून चहा पीत होतो. डाव्या कुशीत काहीतरी चावल्यासारखं झालं. वाटलं, मुंगी. अकराव्या मजल्यावर मुंग्या येतात, मी पाहिल्यात. लिफ्टनं येत असतील. दुसऱ्या दिवशी तिथं लालभडक पट्टा आणि पट्ट्यावर पाण्यानं भरलेले फोड. पाठीच्या कण्यापासून निघून बेंबीकडं चालले होते. ज्याला झाली नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होतो. वितळलेल्या लोखंडाचा थेंब बुटात गेला तर काय होतं, ते मला माहीत आहे. तो थेंब बरा. एकदा भाजतो आणि विझतो.

मी चौथी शिकलोय, तीही पूर्ण नाही. सांगायला लाज वाटत नाही. माझ्या हातचं ओतकाम अजून कुठंतरी ट्रकच्या पोटात फिरत असेल आणि ते ज्यांनी तपासून पास केलं ते सगळे इंजिनियर होते. त्यामुळं शिकलेल्यांना मी घाबरत नाही आणि देवालाही नाही. खंडोबा माझ्या ओळखीचा आहे. भेटला की हात जोडतो, काम सांगत नाही. त्याच्याकडं आधीच गर्दी. विज्ञानालाही मानतो. त्याच्याच लिफ्टनं वर जातो. लाइट गेली की मात्र तेही मधल्या मजल्यावर थांबतं आणि आत अडकलेली सगळी माणसं खंडोबाचं नाव घेतात.

तर फोड पहिल्यांदा हिनं पाहिले. ही म्हणजे माझी बायको. तिनं दोन बोटं तोंडावर ठेवली.

"अवं, ही नागीण हाय. हात लावू नका. तोंडाला शेपूट लागलं तर माणूस ऱ्हात न्हाई."

आमच्याकडं हे शेंबडं पोरही सांगेल. नागीण कमरेला विळखा घालत निघते. एका बाजूनं तोंड, दुसऱ्या बाजूनं शेपूट. दोन्ही भेटली की माणसाचा खेळ संपला. म्हणून ती भेटायच्या आत जाणत्या माणसाकडून गेरूची रेघ मारून तिची वाट अडवायची आणि मंत्र घालून उतरवायची.

आमची सून कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. त्या दिवशी घरूनच करत होती. कानातलं यंत्र काढून ती बाहेर आली.

"आई, असं काही नसतं. तो व्हायरस आहे. शरीराच्या एकाच बाजूला राहतो, मधली रेघ ओलांडत नाही."

"का ओलांडत न्हाई?"

"तिथं ती नस संपते म्हणून."

"आन एखाद्याची वलांडली तर?"

"नाही ओलांडत, आई."

"म्हंजी तुला बी ठाऊक न्हाई," ही म्हणाली आणि जिंकल्यासारखी सोफ्यावर बसली. बसताना दोन्ही गुडघे कडकड वाजले. सुनेनं गुडघ्यांकडं पाहिलं, मी सुनेकडं पाहिलं, आणि मला कळलं की आता विषय माझ्या कुशीवरून घसरणार.

हिच्या गुडघ्यांचं सांगायला पाहिजे, कारण पुढं सगळं तिथंच जातं. ही चाकणकडच्या गावातली. कांदा तिच्या अंगात आहे. फ्लॅटमध्ये आल्यावरसुद्धा आम्ही दोघं बस पकडून चाकणच्या बाजारात जायचो. कंपन्यांच्या गाड्या आणि ट्रकांच्या गर्दीतून ही पुढं, मी पिशवी घेऊन मागं. प्रत्येक कांदा दाबून, मान मुरगाळून बघणार, विकणाऱ्याशी दोन शब्द भांडणार, मग घेणार. गुडघे गेले तसं ते बंद झालं. आता कांदे मोबाईलवरून जाळीच्या पिशवीत येतात आणि ही ते ओतून एकेकाला शिव्या देते. खाली बागेत जाणंही सोडलं. पोरांनी तिला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. तो वाट्या बदला म्हणाला. "शंभर टक्के, आजी! पळायला लागाल." ही घरी येऊन म्हणाली, "देवानं दिलेल्या वाट्या काढायच्या आन कंपनीच्या बसवायच्या? न्हाई म्हंजी न्हाई." सून जंग जंग पछाडून थकली. मला वाटायचं, करावं हिनं. पण मी सांगितलं असतं तर तिनं मुद्दाम केलं नसतं, म्हणून गप्प.

त्या दिवशी सून म्हणाली, "बाबांना आज डॉक्टरकडं नेते. वेळेत गोळ्या सुरू झाल्या की बरं वाटेल, बघा तुम्ही."

"ने की. मी बी चिखलीच्या माणसाकडं धाडते. कुणाच्यानं जातीया ते दिसंलच."

"दिसलं तर मानाल?"

ही पेटली. "मानंन. तुझ्या गोळीनं गेली तर मी ह्या गुडघ्यांवर सुरी चालवून घेते. माझ्या माणसाच्या मंतरानं गेली तर पुन्हा गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई."

"डन," सून म्हणाली.

मी तिथंच उघडा बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही. कूस माझी, पैज त्यांची.

डॉक्टर पोरगेला होता. टेबलावर छोटा गणपती, भिंतीवर सर्टिफिकिटं. माझ्या मते दोन्ही एकाच कामासाठी ठेवलेली, येणाऱ्याला धीर यावा म्हणून. त्यानं विचारलं, "काका, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या असतील. सगळ्या आळीला झाल्या होत्या."

मग त्यानं समजावलं. कांजिण्यांचा तो जंतू तेव्हा मेलाच नाही. पाठीच्या कण्याजवळ एका नसेच्या मुळाशी जाऊन झोपला. इतकी वर्षं झोपला होता. आता उठला आणि नसेच्या रस्त्यानं चामडीवर आला.

"आत्ताच का उठला?"

"वय झालं, ताकद कमी झाली, की उठतो कधी कधी."

"माझ्याबरोबरचे सगळे म्हातारे झालेत. त्यांचा नाही उठला."

तो हसला. "बरोबर आहे. तुमचाच का, ते नक्की नाही सांगता येत, काका."

गोळ्या दिल्या, मलम दिलं. घरी येऊन सुनेनं सगळी हकिकत हिला सांगितली, हात करून, समजावून. ही शांतपणे ऐकत होती. कांजिण्यांवर आली तशी टाळी वाजवली.

"कांजिण्या म्हंजी देवीच की गं! देवी अंगात ऱ्हायली आन आता कोपली. हे मी बिनफीचं सांगितलं असतं."

सुनेनं कपाळाला हात लावला. मी मात्र विचारात पडलो. एक म्हणतो, नागीण तुमच्या कमरेला विळखा घालत निघाली. दुसरा म्हणतो, तुमच्या पाठीत एक जंतू साठ वर्षं झोपला आणि एका सकाळी चहाच्या वेळी उठला. दोन्ही गोष्टी कुणा परक्या माणसाला सांगा, ज्यानं दोन्हींतलं काही ऐकलेलं नाही. तो कुठल्या गोष्टीला जास्त हसेल, छातीवर हात ठेवून सांगा.

चिखलीचा माणूस खिडक्यांच्या जाळ्या करतो. पत्र्याची शेड, दारात सळ्यांचा ढीग, वेल्डिंगचा उजेड. नागीण उतरवायची विद्या त्याला मामाकडून आली. पैसे घेत नाही, चहासुद्धा घेत नाही. घेतलं तर विद्या जाते म्हणतात. मी रिक्षातून शर्ट कुशीपासून लांब धरून गेलो. हिला गुडघ्यांमुळं येता आलं नाही. त्यानं तोंडावरची काळी काच वर केली.

"या आबा. काढा शर्ट."

पत्र्याच्या डब्यात गेरू कालवला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बोटानं जाड रेघा ओढल्या, कुंपण घालावं तशा. मग कुशीजवळ तोंड नेऊन पुटपुटायला लागला. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता.

"अहो, मंत्र ऐकूच आला नाही," मी म्हणालो. "लागू होईल ना?"

"तुमाला ऐकवायचा नसतोय आबा. तिला ऐकवायचा."

"सापाला कान कुठं असतात?"

तो थांबला. "आबा, डॉक्टरला बी एवढं इचारता का?"

"त्याला जास्त विचारतो. तो फी घेतो."

तो खदखदून हसला. हात पुसता पुसता हळूच म्हणाला, "गोळी चालू हाय न्हवं?"

"आहे."

"मग थांबवू नका. मामाच्या टायमाला गोळी नव्हती, आबा. लोक लई वरडायचे." आणि काच खाली ओढून पुन्हा जाळीला लागला.

हे मी घरी हिला सांगितलं नाही. आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरकडं काय झालं ते सुनेला सांगितलं नाही. डॉक्टरनं माझा शर्ट वर केला आणि किंचाळलाच, "अहो, हे रक्त?"

"गेरू."

त्याची नर्स भिंतीकडं तोंड करून हसायला लागली. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला. मला वाटलं आता व्याख्यान. तर म्हणाला, "फोडांवर लावू नका, जंतू आत जातील. बाजूनं असू दे. घरच्यांना बरं वाटत असेल तर राहू दे."

म्हणजे बघा. मंत्रवाला म्हणतो गोळी घ्या, डॉक्टर म्हणतो गेरू राहू दे. त्या दोघांचं काहीच भांडण नव्हतं. भांडण माझ्या स्वयंपाकघरात होतं.

कारखान्यातही असंच. भट्टीला आतून नवं अस्तर लावलं की पहिल्या तापाआधी नारळ फुटायचा. कास्टिंगला भोकं पडली की साहेब म्हणायचे वाळूत ओल होती, मुकादम म्हणायचा नारळ नासका निघाला. साहेब प्रयोगशाळेत तुकडा पाठवायचे आणि मुकादमाला पुढच्या नारळासाठी पैसेही द्यायचे. मी दोघांसमोर मान हलवायचो, कारण दोघंही माझ्या वरचे होते. भोकं कधी थांबायची, कधी नाही.

त्या काळात माझी चैन होती, हे कबूल केलं पाहिजे. कारण पैजेचा निकाल कोण देणार? मीच. फोड कुणालाही दिसतात, पण आग कमी झाली का, ते माझ्याशिवाय कुणाला कळणार? सून गोळीबरोबर फळं कापून आणायची आणि विचारायची, "बाबा, आज गोळीनं फरक वाटतोय ना?" ही शिरा करायची आणि विचारायची, "गेरूनं थंड वाटतंय न्हवं?" मी दोघींना म्हणायचो, बघू. फळंही खाल्ली, शिराही.

फक्त शर्ट घालता येत नव्हता. कापड लागलं की आग. डॉक्टर आणि चिखली सोडली तर मी उघडाच फिरायचो. लिफ्टमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी भेटला.

"आजोबा, कॉमन एरियात शर्ट कम्पल्सरी आहे."

"माझ्या कुशीला सांगा," मी म्हणालो आणि तिला त्याच्याकडं वळवली. तो पुढच्याच मजल्यावर उतरला. त्याचा मजला तो नव्हता.

यथावकाश फोड वाळले, खपल्या धरल्या, पडल्या. तोंडाला शेपूट लागलं नाही. दोघींनी एकाच सकाळी मला बाल्कनीत गाठलं.

"आता सांगा, बाबा."

"सांगा. देवाला साक्ष ठेवून सांगा."

आता खरी गोष्ट ही, की फोड गेले पण दुखणं गेलं नव्हतं. तीच आग, त्याच पट्ट्यावर, वर काही दिसत नसताना. मी आदल्या आठवड्यात दोघांनाही विचारून आलो होतो. डॉक्टर म्हणाला, "जंतू गेला, पण नस दुखावलीय. काहींचं लवकर थांबतं, काहींचं महिनोन्‌महिने राहतं. तुमचं कधी थांबेल, सांगता येत नाही." चिखलीवाला म्हणाला, "नागीण गेली आबा, तिची वाट ऱ्हायली. कवा पुसंल, सांगता येत न्हाई." एकाच्या दारावर पाटी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर पत्रा. उत्तर एकच.

मला खोटं बोलायचं होतं. गोळीनं गेली म्हणालो असतो, तर पैजेप्रमाणं हिचे गुडघे झाले असते, आणि मला तेच हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ऑपरेशन बिघडलं असतं तर? मग ही जन्मभर खाटेवर, आणि कशामुळं, तर माझ्या कुशीच्या खोट्या साक्षीमुळं. शिवाय माझ्या अंगाबद्दल मी खोटं का बोलू? साहेबानं कास्टिंग पास करायला सांगितलं तरी भोक असलं की मी भोक आहेच म्हणायचो.

"दोघी हरलात," मी म्हणालो. "दुखतंय अजून."

"असं कसं?" ही चिडली. "एकीनं तरी जिंकाया पायजे."

"बाबा, फोड तर गेले ना? शास्त्रीयदृष्ट्या..."

"फोड तुझे. दुखणं माझं."

सून ऑफिसच्या मीटिंगला निघून गेली. ही तिथंच गुडघे चोळत बसली. मला वाटलं, संपलं. पैजच गेली, आता कुठले गुडघे. आता आयुष्यभर जाळीच्या पिशवीतले कांदे.

मग ती म्हणाली, "दोघांकडं जाऊन बी दुखतंय?"

"दुखतंय."

"तरी दोघांवर रागावला न्हाई?"

"कशाला? दोघंही मला ठाऊक नाही म्हणाले. ठाऊक नसलेल्यावर काय रागवायचं?"

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. दोन दिवसांनी जेवताना सुनेला म्हणाली, "मला गुडघ्याच्या डॉक्टराकडं ने. त्या शंभर टक्केवाल्याकडं नगं, दुसऱ्याकडं. करायचं न्हाई. इचारायचंय."

दुसरा डॉक्टर वयस्कर होता, केस पांढरे, बोलायला कंजूष. हिनं सरळ विचारलं, "मी चालंन का?"

"बहुतेक लोक चालतात."

"माझं इचारते."

"तुमचं केल्यावर कळेल. दुखेल. व्यायाम करावा लागेल, आणि तो मी तुमच्या वाट्याचा करू शकत नाही."

परत येताना गाडीत ही म्हणाली, "ह्याच्याकडनं करते."

सुनेनं ब्रेकच लावला. "आई, आधीचे शंभर टक्के म्हणाले होते तेव्हा नाही म्हणालात!"

"शंभर टक्के तर बुवा लोक म्हंतात," ही म्हणाली. "गाडी चालव."

एवढ्यानं ती सुधारली असं कुणी समजू नये. ऑपरेशनच्या आधी तिनं मला चिखलीला पाठवलं, गुडघ्यांवर गेरू मारून घ्यायचा का विचारायला. तो काच वर करून म्हणाला, "न्हाई आबा. हाडांचं आमच्यात येत न्हाई. फक्त नागीण." हे ऐकून हिला त्याच्याबद्दल आदरच वाटला. "बघा, त्याचं बी डिपार्टमेंट हाय," म्हणाली.

आत नेताना नर्सनं बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र आणि पदराच्या गाठीतला भंडारा, सगळं काढून सुनेच्या हातात दिलं. दार लोटायच्या आधी मला दिसलं. एक पोरगा हिच्या पायाला, मांडीपासून पोटरीपर्यंत, तांबडं-तपकिरी औषध फासत होता. गोल गोल, जाड हातानं. मी हसलो. थांबवेना.

"बाबा, काय झालं?"

"गेरू लावला," मी म्हणालो.

सुनेला हसू आलं नाही. भंडाऱ्याची पुडी तिनं मुठीत घट्ट धरली होती, तशीच बसली, ऑपरेशनच्या दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत. मी माझा शर्ट कुशीपासून लांब धरून तिच्या शेजारी बसलो. दोघांनाही पुढचं काही माहीत नव्हतं, त्यामुळं बरं जमलं.

नंतरचे महिने वाईट गेले. व्यायामाला ही ओरडायची, शिव्या द्यायची, व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीला म्हणायची, "तुझ्या सासूला कर असं." पण केला.

परवा आम्ही चाकणला गेलो. हातात काठी, पण पुढं तीच. मी पिशवी घेऊन मागं. ढिगासमोर उभी राहिली, कांदा उचलला, दाबला, मान मुरगाळली.

"दुखतंय का अजून?" तिनं वळून न बघता विचारलं.

"दुखतंय. तुझे गुडघे?"

"दुखत्यात की. चालत्यात बी."

मग विकणाऱ्याला म्हणाली, "आतून नासका तर न्हाई ना हा?"

"मावशी, आतलं मला कसं कळणार?" तो म्हणाला. "कापल्यावर बघा."

मला वाटलं आता भांडण. हिनं कांदा नाकाशी नेला, त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि माझ्या हातातली पिशवी ओढून पुढं केली.

"भर," म्हणाली.